जाबदेणार क्रमांक एकचे वकील

पिंपरी-चिंचवडला वकिलांच्या तीन तऱ्हा जुन्या. कामगारांचे वकील, मॅनेजमेंटचे वकील आणि सातबाऱ्याचे वकील. टेल्को-बजाजच्या गेटवर संप, बडतर्फी, ले-ऑफ चालू होते तोवर पहिल्या दोघांच्या चुली उत्तम पेटल्या. मग कारखाने चाकणकडे सरकले, महाळुंगे-खराबवाडीच्या माळाला भाव आला, भावकीला भावकी भिडली आणि तिसऱ्याच्या दारात फॉर्च्युनर उभी राहिली. चौथी तऱ्हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली: डॉक्टरांचे वकील. डॉक्टरांवर दावा लावणारे नव्हेत. ते काय, कुणीही लावतो. हे डॉक्टरांच्या बाजूनं उभे राहतात. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण निगडीपासून राजगुरुनगरपर्यंत असे जेवढे आहेत ते एकमेकांची झेरॉक्स आहेत. आपण त्यांना वकीलसाहेब म्हणू. डॉक्टरमंडळीही तेच म्हणतात, फक्त आवाज जरा खाली आणून.

ऑफिस चिंचवडला, चापेकर चौकाच्या अलीकडे, पहिल्या मजल्यावर. खाली मेडिकल स्टोअर, शेजारी पॅथॉलॉजी लॅब. आत दोन कपाटं. एकात कायद्याचे रिपोर्टर, त्यांच्यावर धूळ. दुसऱ्यात हॅरिसनचं मेडिसिन, बेली अँड लव्हची सर्जरी, दत्तांचं प्रसूतिशास्त्र. त्यांच्यावर धूळ नाही. ही पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घेतलेली. कुण्या परीक्षार्थ्यानं पिवळ्या पेननं रंगवलेल्या ओळी त्यांत आहेत, आणि वकीलसाहेबांचं निम्मं वैद्यकीय ज्ञान त्या पिवळ्या ओळींपुरतं आहे. तो मुलगा ज्या धड्यांना नापास झाला असेल त्या धड्यांवरच्या केसेस हेही हरले असणार, असा माझा अंदाज आहे.

खरं तर शरीरशास्त्राचा पाया घातला गेला तो भोसरीत. वकीलसाहेब सुरुवातीला एका कामगार-वकिलाचे ज्युनिअर होते. पॉवर प्रेसमध्ये बोट गेलं की माणूस हातावर फडकं गुंडाळून आधी दवाखान्यात आणि मग यांच्याकडे यायचा. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात माणसाची किंमत टक्क्यांत लावलेली होती: अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२. वकीलसाहेबांनी माणसाचं शरीर पहिल्यांदा पाहिलं ते या कोष्टकात. आजही कुणी नमस्कार केला तर त्यांची नजर आधी दहा बोटांवरून फिरते.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली १३ नोव्हेंबर १९९५ ला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. सरसकट सगळ्यांना फुकट तपासणारा दवाखाना तेवढा बाहेर. बाकी डॉक्टर, नर्सिंग होम, हॉस्पिटल, सगळे आत. पेशंट म्हणून आत गेलेला माणूस ग्राहक होऊन बाहेर येऊ लागला. डॉक्टरांच्या घरी सुतक पडलं आणि वकीलसाहेबांनी नवं लेटरहेड छापायला टाकलं. पुढे २०१९ चा नवा कायदा आला, त्यात सेवेच्या व्याख्येतून आरोग्यसेवा हा मसुद्यातला शब्द गळला. निगडीच्या एका डॉक्टरांनी सुटलो म्हणून पेढे वाटले. वकीलसाहेबांनी पेढा घेतला, खाल्ला, आणि धंदा बसतोय की काय या काळजीनं दीड-दोन वर्षं काढली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की शब्द गळला तरी डॉक्टर आतच आहेत. तेव्हा पेढे यांनी वाटले नाहीत. एवढं भान त्यांना आहे.

ग्राहक आयोगाच्या भाषेत तक्रार करणारा तो तक्रारदार आणि समोरचा तो जाबदेणार. हॉस्पिटल जाबदेणार क्रमांक एक, सर्जन क्रमांक दोन, भूलतज्ज्ञ क्रमांक तीन. वीस वर्षं शिकून, गळ्यात स्टेथोस्कोप घालून, लोकांच्या तोंडून 'देवमाणूस' ऐकायची सवय झालेल्या गृहस्थाला एका सकाळी पोस्टमन जाबदेणार करून जातो. याचा धक्का ज्याचा त्यालाच ठाऊक. डॉक्टर पहिल्यांदा नोटीस वाचतात आणि संतापतात. मग ती औषध कंपनीच्या पेपरवेटखाली ठेवतात. मग ओपीडी, मग कॉन्फरन्स, मग मुलाची बारावी. आणि कैफियत दाखल करायची मुदत ३० दिवसांची, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ४ मार्च २०२० ला ठणकावून सांगितलंय. वकीलसाहेबांकडे डॉक्टर येतात ते त्रेचाळिसाव्या दिवशी, रात्री साडेनऊला, ओपीडी उरकून.

"डॉक्टर, पेशंट तुमच्याकडे असा शेवटच्या दिवशी आला तर तुम्ही काय म्हणता?"

"आधी का आला नाहीत, म्हणतो."

"मग मी काय म्हणू?"

एवढं झालं की पिशवीतून केसपेपर निघतात आणि वकीलसाहेबांच्या ड्रॉवरमधून भिंग. चाकणच्या एका बारा खाटांच्या नर्सिंग होमचे कागद त्यांनी तपासले तेव्हा मी तिथं बसलो होतो. डॉक्टरांची परवानगी घेऊनच सांगतो. गाव सोडलं तर ओळखण्यासारखं काही ठेवलेलं नाही.

"हे काय लिहिलंय?"

डॉक्टरांनी कागद जवळ धरला, लांब धरला. "अक्षर माझंच आहे."

"ते दिसतंय. वाचा."

डॉक्टर गप्प. शेवटी खालच्या मेडिकलमधल्या पोराला वर बोलावलं. त्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "हे आता येत नाही साहेब. दुसऱ्या कंपनीचं देऊ?"

भिंग पुढे सरकलं. "रात्री दोन वाजता लिहिलंय, पेशंट स्टेबल. पेशंट वारला किती वाजता?"

"एक चाळीसला."

"म्हणजे वारल्यावर स्टेबल झाला."

"ते आरएमओनं लिहिलंय. राउंडच्या नोंदी तो एकदम लिहितो."

"आरएमओ कोण?"

"बीएचएमएस आहे, पण हुशार आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. होमिओपॅथनं ॲलोपॅथीची औषधं दिली म्हणून पूनम वर्मा खटल्यात १९९६ साली काय झालं, हे त्यांनी तोंडपाठ म्हटलं आणि विचारलं, "सीसीएमपीचा, ॲलोपॅथीच्या औषधांचा, कोर्स तरी झालाय का त्याचा?"

"फॉर्म भरलाय."

यावरही वकीलसाहेब चिडले नाहीत. चिडले ते पुढच्या पानावर. सगळं पान काळ्या पेनानं लिहिलेलं आणि एकच ओळ निळ्या: 'नातेवाइकांना धोक्याची पूर्ण कल्पना दिली.' ही ओळ कधी लिहिली, असं विचारल्यावर डॉक्टर निरागसपणे म्हणाले, "नोटीस आल्यावर आठवलं, म्हणून लिहून ठेवलं." वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या मते डॉक्टरांना व्हाइटनर आणि दुसऱ्या रंगाचं पेन विकण्यावर बंदी हवी. राहिलं ते राहिलं म्हणून सांगता येतं; मागाहून लिहिलेलं एकदा उघडं पडलं की खरं लिहिलेलंही खोटं ठरतं. त्यात मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम. तेव्हा काळ्या पेनाची एक प्रत तक्रारदाराच्या घरी आधीच पोहोचलेली असते. या केसमध्येही पोहोचली होती.

नव्या डॉक्टर-पक्षकाराला ते एक गोष्ट हमखास सांगतात. गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर मे १९५३ मध्ये वीसेक वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. मुलाला टॅक्सीत घालून पुण्याला आणलं, नावाजलेल्या सर्जनच्या हॉस्पिटलात. पूर्ण भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, माणसं लावून पाय ओढून हाड बसवलं. त्याच रात्री मुलगा गेला. सर्जनचं म्हणणं, फॅट एम्बोलिझम झाला. हे म्हणणं खालच्या कोर्टात टिकलं नाही, उच्च न्यायालयात टिकलं नाही आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकलं नाही. नुकसानभरपाई तीन हजार रुपये. डॉ. लक्ष्मण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक गोडबोले. केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी आणि तो करताना काळजी, ही डॉक्टरची तीन कर्तव्यं भारतात लिहिली गेली ती या पुण्याच्या खटल्यात. आजही देशभरचे वकील त्याचा दाखला देतात.

"पंधरा वर्षं आणि तीन हजार," डॉक्टर हिशोब करतात. "म्हणजे तेव्हा परवडत होतं."

"बापाला पैसे नको होते हो," वकीलसाहेब म्हणतात. हे वाक्य म्हणताना मात्र ते टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या मणक्याशी खेळायचं थांबतात. त्यांचा अनुभव असा की दावे उपचारांवरून फार थोडे होतात. बहुतेक होतात ते वागणुकीवरून. म्हणून त्यांचा सल्ला कायद्याच्या पुस्तकात नसलेला असतो. बिलाचा आकडा आणि मरणाची बातमी एकाच माणसाच्या तोंडून जाऊ देऊ नका. नातेवाइकाला खुर्ची द्या. बोलताना फोन बघू नका. डॉक्टर मान डोलावतात, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजतो.

फोनची ही गोष्ट वकीलसाहेबांना खेडच्या, म्हणजे राजगुरुनगरच्या, कोर्टात चांगलीच भोवली आहे. ग्राहक आयोगात बहुतेक काम शपथपत्रांवर चालतं, पण तो भरपाईचा दिवाणी दावा होता, त्यामुळे उलटतपासाची संधी होती. पिंजऱ्यात पांढऱ्या टोपीतले एक म्हातारबाबा, खेड तालुक्यातलेच. वकीलसाहेबांनी कन्सेंटवरचा अंगठा कबूल करून घेतला, तारीख कबूल करून घेतली, आणि मग तो शेवटचा प्रश्न विचारला जो अनुभवी वकिलानं कधी विचारू नये.

"डॉक्टरांनी तुम्हाला ऑपरेशनचे धोके समजावून सांगितले होते, हे खरं आहे ना?"

"खरं हाय साहेब. सांगितलं त्यांनी. पर त्ये फोनवर बी बोलत व्हते. मला सांगितलं का फोनला सांगितलं, त्ये काय उमगलं नाय."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहून घेतलं. आणखी विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण वकीलसाहेबांकडेही एक हुकमी साक्षीदार आहे, आणि तो कधी फितूर होत नाही: पुणे-नाशिक रस्ता. चाकणजवळ अपघात झाला, पेशंट पिंपरीला वायसीएम रुग्णालयात न्यायचा, आणि ॲम्ब्युलन्स तळेगाव चौकात सव्वा तास कंटेनरच्या मागे. उपचारांत उशीर झाला हे तक्रारदाराचं म्हणणं. उशीर आमच्या दारात यायच्या आधीच झाला होता हे यांचं. तळेगाव चौक, आंबेठाण चौक, आळंदी फाटा, मोशी या चार नावांवर त्यांनी इतके युक्तिवाद केलेत की त्यांना पक्षकार करून घ्यावं असं एका सदस्यांनी गमतीनं सुचवलं होतं. गंमत अशी की त्याच रस्त्यानं वकीलसाहेब स्वतः खेडच्या कोर्टात जातात. पुकारा झाला तेव्हा ते जाममध्ये, आणि त्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

सगळ्या केसेस कागदावर राहत नाहीत हेही सांगितलं पाहिजे. रात्री अकराला फोन येतो: "साहेब, तीन स्कॉर्पिओ आल्यात." रिसेप्शनची काच गेलेली, सरपंचापासून आमदाराच्या पीएपर्यंत सगळे 'मिटवून घ्या' म्हणत असतात, आणि कोपऱ्यात एक बाई नुसती बसून असते, जिच्याशी अजून कुणी धड बोललेलं नसतं. वकीलसाहेब हॉस्पिटलांच्या रिसेप्शनवर २०१० चा हिंसाचार-प्रतिबंधक कायदा लॅमिनेट करून लावायला सांगतात. काच फुटते तेव्हा आधी तोच फुटतो. पोलीस स्टेशनला मात्र त्यांचा खरा दरारा. मृत्यू झाला म्हणून डॉक्टरला सरळ उचलता येत नाही. आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्या, असं जेकब मॅथ्यू खटल्यात ५ ऑगस्ट २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय. त्यामुळे कागद जातो ससूनच्या समितीकडे, आणि तिचा अभिप्राय येईपर्यंत हवालदार, नातेवाईक आणि डॉक्टर तिघेही वकीलसाहेबांनाच विचारत राहतात. दर वर्षी ५ ऑगस्टला त्यांचे पक्षकार त्यांना हार घालतात. दुसऱ्या कुठल्या धंद्यात खटल्याच्या तारखेला हार मिळत असेल असं वाटत नाही.

डॉक्टर खरोखर चुकला असेल तर? ही वेळही येते, आणि ती कागद वाचताना वकीलसाहेबांना सगळ्यात आधी कळते. त्यांचा युक्तिवाद तयार असतोच, पण ते तो करत नाहीत. चाकणच्या संग्रामदुर्गाचा दाखला देतात. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे तो भुईकोट सुमारे दोन महिने लढवला. सुरुंगानं बुरूज उडाला तेव्हा उरलेली माणसं घेऊन सन्मानानं बाहेर पडले. "बुरूज उडालाय डॉक्टर," वकीलसाहेब म्हणतात, "आता माणसं वाचवू." मग मांडवली. तीही फुकट होत नाही. विमा कंपनीला आधी कळवावं लागतं. तिला न विचारता डॉक्टरनं 'चुकलं माझं' म्हटलं तर पॉलिसीच धोक्यात. माफी मागायलाही मुंबईच्या ऑफिसची परवानगी लागते, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटतं. पण कलम तसं आहे. मला ही त्यांची बाजू आवडते. उडालेल्या बुरुजावर पाच-सहा वर्षं तारखा घेऊन फी काढणारेही या धंद्यात आहेत.

घरी हा माणूस असह्य असतो, असं वहिनींचं मत. मुलाला ताप आला तर थर्मामीटरचा आकडा ते वेळ टाकून लिहितात आणि खाली सही करतात. मागे त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्र हातात आलं तेव्हा ते वाचायला दीड तास लागला. कलम सातवर त्यांनी सर्जनला बोलावून घेतलं. हे फार एकतर्फी आहे, म्हणाले. यात पेशंटला काही हक्कच ठेवलेला नाही. सर्जननं शांतपणे पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मसुदा त्यांचाच होता. वहिनींनी सही करायला लावली.

याच सर्जननं पुढे आयएमएच्या एका कार्यक्रमात, वकीलसाहेबांचं व्याख्यान संपल्यावर, हात वर केला. व्याख्यान रंगलं होतं. शांता झाली, मॅथ्यू झाला, व्हाइटनर झालं.

"साहेब, एक शंका. आम्ही चुकलो तर पेशंट ग्राहक आयोगात जातो. तुम्ही चुकलात, समजा पंचेचाळिसाव्या दिवशी कैफियत द्यायची राहिली, तर आम्ही तुमच्यावर कुठं जायचं?"

हॉलमध्ये त्या दिवसाची सगळ्यात खरी शांतता पसरली. वकीलसाहेबांनी पाणी प्यायलं. टाळायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण समोर बसलेले दीडशे डॉक्टर त्यांचे पक्षकार होते किंवा होणार होते. त्यांनी खरं ते सांगितलं. १४ मे २०२४ ला बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला आहे: वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. डॉक्टरांची येते. वकिलानं हलगर्जीपणा केला तर पक्षकाराला साधा दिवाणी दावा लावता येतो, कोर्ट फी भरून, आणि त्यासाठी वेगळा वकील करावा लागतो.